रजिस्टर हुंगणाऱ्या बोडखेबाई

बोडखेबाई रजिस्टर वाचायच्या आधी हुंगायच्या. खोटं सांगत नाही. उपकेंद्रात शिरलं की नर्सच्या हातातून गरोदर बायांचं रजिस्टर घ्यायचं, मधलं पान उघडायचं आणि त्यात नाक खुपसायचं. एकदा ते नाक वर आलं ते थेट नर्सवर रोखलेलं.

"पोरी, वर्षभराचं रजिस्टर म्हणतीस. ह्याला फिनाईलचा वास नाय, रॉकेलचा नाय, तेलकट बोटाचा एक डाग नाय. निस्ती शाई. काल बसून लिवलं का आज सकाळी?"

पोरगी रडायलाच लागली. "आज सकाळी," म्हणाली.

डॉ. इंदुमती बोडखे आमच्या जिल्ह्यातल्या माता-आरोग्याच्या कामाच्या प्रमुख आणि मी, कुलकर्णी, त्यांचा सांख्यिकी सहायक. गावोगावच्या आकड्यांच्या बेरजा करून मी तक्ते बनवायचे आणि बाईंनी त्यांवर संशय घ्यायचा, अशी कामाची वाटणी होती. बाईंचं घर शेतकऱ्याचं, देह दणकट, आवाज मळ्यातून हाक मारावी तसा. शिकून डॉक्टर झाल्या, पण बोली बदलली नाही. त्यांना काहीही सांगा, उत्तर ठरलेलं. "ऐकलं. आता दावा."

यातून कुणी सुटलं नाही. शिपाई म्हणाला, चहा ताजा आहे, की बाई स्टोव्हपाशी जाऊन पातेल्यात डोकावायच्या. क्रांती चौकातला भाजीवाला म्हणाला, "बाई, माल सुबे का है," की मेथीची जुडी सोडून आतल्या काड्या बघायच्या. मी लग्नासाठी रजेचा अर्ज दिला, पत्रिका जोडली, तर चष्म्यावरून बघत विचारलं, "मुलगी राजी हाय, का तिचा बाप?"

मी चौकशी करून सांगतो म्हणालो. खरंच केली. आजही बायको त्यावरून हसते.

गावाचं काम तपासायला गेल्या की रस्त्यावरचं पहिलं घर त्या कधी बघायच्या नाहीत. एका गावाचं रजिस्टर अस्सल होतं, अगदी वासासकट. सगळ्या गरोदर बाया तपासलेल्या, सगळ्या सुखरूप. आमचे साहेब, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, त्या गावाला बक्षीस द्यायच्या बेतात होते. बाईंनी ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. "त्यो धूर कशाचा?"

"ती वस्ती हाय," सरपंच म्हणाले. "ती आमच्यात धरत नाय."

"मग कुणात धरता?"

कुणातच धरत नव्हते. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि ओढ्यात उतरल्या. मागं मी, तक्ते डोक्यावर. पलीकडं बऱ्याच गरोदर बाया निघाल्या. एकीचंही नाव कागदावर नाही. एकीला तर डोळ्यांपुढं अंधारी येऊन उभं राहवत नव्हतं. बाईंनी तिला साहेबांच्या जीपमध्ये घालून शहरात धाडलं आणि साहेबांना म्हणाल्या, "तुमी यष्टीनं या."

बक्षीस गेलं. साहेब मीटिंगमध्ये भडकले, तर बाई म्हणाल्या, "जीप पोचती तिथली बाई कशीबी वाचती, साहेब. जीप रुतती तिथं नर्स द्या." वस्तीला नर्स मिळाली. साहेबांनी मात्र बाईंवर डूख धरला.

आणि डूख धरायला निमित्तही होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सुटीच्या दिवशी, बाई उस्मानपुऱ्यातल्या घराला कुलूप लावून पैठणच्या यष्टीत बसायच्या. कशाला जातात, कुणाला ठाऊक नाही. एकट्या राहायच्या, विचारणार कोण? हेडक्लार्क म्हणाले, चितेगावला चोरून खाजगी दवाखाना चालवत असणार. निनावी अर्जही आला. साहेबांनी मला आत बोलावलं. "कुलकर्णी, छडा लावा."

खरं सांगतो, मलाही संशय होताच. जी बाई सगळ्या जिल्ह्याला "दावा" म्हणते, ती स्वतः काय लपवते?

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी नाकावर मफलर ओढून त्याच गाडीत मागं बसलो. चितेगावला बाई उतरल्या, मीही उतरलो. त्या बांधाबांधानं निघाल्या. मी एका बाभळीआडून दुसऱ्या बाभळीआड. तिसऱ्या बाभळीला पुढून आवाज आला. बाईंनी मान वळवली नव्हती.

"कुलकर्णी, काटे लई हायत तिकडं. सरळ वाटेनं या."

मी आलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"साहेबांनी पाठवलं?"

"हो."

"चला मग. आलाच हाय तर नीट बघा."

दोन खोल्यांचं घर. ओसरीवर एक म्हातारी तूर पाखडत होती. गयाबाई नाव. तिनं नुसतं पोतं सरकवलं. "आलीस? बस. ह्यो कोन?"

"माझ्या ऑफिसातला हाय. माझ्यावर नजर ठेवाया आलाय."

"बरं हाय," म्हातारी म्हणाली. "कुनीतरी ठिवाय पायजे."

मग सूप खाली ठेवून तिनंच मला सांगितलं. "माझी सून व्हती, सोजर. आठवा लागलेला, पाय सुजलेलं. ही तवा नवी डाकतरीन. आमचं घर लांब पडतं म्हून आलीच न्हाय. रस्त्यावरल्या घरात बसून कागदावर लिवलं, सोजरला तपासली, ठीक हाय. चार दिसांनी सोजर गेली. पोटातलं लेकरूबी गेलं."

मी बाईंकडं पाहिलं. त्या मान खाली घालून तुरीतले खडे वेचत होत्या. "व्हय," एवढंच म्हणाल्या.

"आमाला कुठं ठावं व्हतं कागदाचं?" म्हातारी म्हणाली. "हिनंच मागनं येऊन सांगितलं. तवापासून येती. दर बारीला इचारती, माफ केलं का. मी न्हाय म्हनती." आणि गुडघ्यावर हात देऊन उठली, चहा ठेवायला आत गेली.

चहा झाला. आम्ही निघालो. परतीच्या गाडीत न राहवून मी विचारलं, "बाई, ती काही माफ करत नाही. मग जाता कशाला?"

त्यांनी बोटांना लागलेली तुरीची धूळ पदराला पुसली.

"जिल्हाभर हिंडते मी, कुलकर्णी. माझ्या तोंडावर समदे ठीक हाय, ठीक हाय म्हणत्यात. माझ्याशी खरं बोलणारं एवढं एकच घर हाय."

एवढं बोलून त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. क्रांती चौक येईपर्यंत मी समोरच्या बाकाकडं बघत राहिलो.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "काय निघालं?"

"नात्यातलं घर आहे त्यांचं," मी म्हणालो.