शेवटच्या दिवसाची सही

निवृत्तीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता नाथाजी सर गळ्यात शिट्टी अडकवून अंगणात आले, तर सायकलच्या जागी जीप उभी. झेंडूच्या माळांनी इतकी मढवलेली, की काच कुठं संपते आणि बोनेट कुठं सुरू होतं ते कळेना. मागं हलगीवाले हलग्या शेकत बसले होते आणि त्यांच्याही मागं शाळेची सगळी पोरं लेझीम घेऊन उभी होती.

"बसा सर!" शंभूराज म्हणाला. शंभूराज हा सरांचा जुना खो-खोचा गडी. आता तो गावचा उपसरपंच होता आणि आजच्या सत्काराची सगळी सूत्रं त्याच्याकडं होती.

"आरं, शाळा धा मिन्टांवर हाय. सत्कार अकराला. मी आपला सायकलीवर जातो."

"मिरवणुकीबिगर सत्कार असतोय व्हय? तुमी तेरा वेळा जिल्हा जिंकलाय सर. तुमच्या हाताखालची तीन पोरं देशाकडनं खेळली. आन् तुमी सायकलीवर?"

"आवं, बसा की," दारातून हरणाबाई म्हणाल्या. "पोरं येवढी हौसेनं आल्यात."

बायकोपुढं सरांचं मैदानावरचं काही चालत नसे. त्यांनी एवढंच विचारलं, "साडेधाच्या आत पोचवशील का?"

"सर, साडेनवालाच पोचतोय!"

आता साडेदहाचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण उंब्रजजवळच्या त्या शाळेत साडेदहा म्हणजे भाऊसो. भाऊसो हा शाळेचा क्लार्क. घड्याळात साडेदहा झाले, की तो खिशातला लाल पेन काढायचा आणि ज्याची सही झाली नसेल त्याच्या नावापुढं मस्टरवर 'उशीर' असा शेरा मारायचा. त्या लाल शेऱ्यातून कुणी सुटलं नव्हतं. मुख्याध्यापिका राजेश्वरीबाईंना तर लेकीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीही तो बसला होता. सुटले होते फक्त नाथाजी सर. चौतीस वर्षांत त्यांच्या नावापुढं लाल टिंब नव्हतं. इतर लोक ढाली आणि चषक दाखवतात, सर मात्र पाहुण्यांना मस्टर दाखवायचे. मैदानावर त्यांचा कायदाही तसाच होता. मिनिटभर उशीर झाला की दोन फेऱ्या, मग तो सरपंचाचा पोरगा का असेना.

कालच भाऊसोनं पेनाचं टोपण उघडझाप करत सांगितलं होतं, "सर, उद्या शेवटचा दिस. येळंत या. मस्टर कुणाच्या मिरवणुकीसाठी थांबत न्हाई."

जीप निघाली आणि वीस पावलांवर थांबली. पहिल्या घरी ओवाळणी. दुसऱ्या घरी ओवाळणी आणि शाल. तिसऱ्या घरची क्रांती फौजदार झालेली. तिनं खाकी वर्दीत येऊन कडक सॅल्यूट ठोकला, शाल घातली आणि सेल्फी घेतला. तो हलला म्हणून दुसरा घेतला.

"क्रांती, किती वाजले गं?"

"सर, आज तरी घड्याळ इसरा की!"

चौकात पोचेपर्यंत सरांच्या अंगावर अकरा शाली झाल्या होत्या आणि फेटा उजव्या डोळ्यावर आला होता. तिथं जेसीबी उभा होता. त्याचा चालकही सरांचाच जुना कबड्डीपटू. त्यानं यंत्राच्या सोंडेला अडकवलेला पंधरा फुटी हार सरांच्या गळ्यात सोडला. हार इतका जाड होता, की सरांचे दोन्ही हात अंगालगत जखडले गेले. वरून पाकळ्यांचा मारा सुरू झाला. सरांच्या तोंडात तीन गेल्या.

"शंभूराज! वाजले किती?"

"धा वाजून धा, सर! लय टाइम हाय!"

आणि चौकाबाहेर पडताच समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या. रस्ता एका ट्रॉलीपुरता. जीप मागं जाईना, कारण मागं जेसीबी. ट्रॉलीवाला मागं जाईना, कारण त्याच्या मागं दुसरी ट्रॉली. हलगीवाल्यांना मात्र थांबायला कारण मिळालं आणि त्यांनी अशी काही लय धरली, की ट्रॉलीवालाही खाली उतरून नाचू लागला.

सरांनी हाराच्या आतून कसंबसं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. दहा एकवीस. चौतीस वर्षं तापात, पुरात, हरणाबाईंच्या बाळंतपणातही सांभाळलेलं ते पान आज, शेवटच्या दिवशी, कौतुकापायी लाल होणार होतं.

सर खाली बसले आणि हाराच्या खालच्या बाजूनं सरपटत बाहेर आले. अकरा शाली सीटवर ठेवल्या. जीपच्या मागून उतरले आणि सरळ उसाच्या बांधावर उडी घेतली. धुळीत आणि हलगीच्या नादात कुणाला पत्ता लागला नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नाथाजी सर बांधावरून सुटलेल्या फेट्याचं शेपूट उडवत असे पळाले, की उसाला पाणी लावणारी एक बाई खोरं टाकून बाजूला झाली.

शाळेच्या फाटकात शिरले तेव्हा दहा सत्तावीस झाले होते. छातीचा भाता झाला होता, पण चेहऱ्यावर विजय होता. व्हरांडा ओलांडून ते ऑफिसपाशी आले.

ऑफिसला कुलूप.

सगळी शाळा ओस पडली होती. सरांनी कुलूप ओढून पाहिलं, खिडकीतून पाहिलं. टेबलावर मस्टर दिसत होतं, दोन हातांवर. दहा अठ्ठावीस. सरांना रडूच यायला लागलं. मग त्यांचं लक्ष व्हरांड्यातल्या सुविचाराच्या फळ्याकडं गेलं. त्यांनी खडू उचलला, सुविचार पुसला आणि लिहिलं, 'नाथाजी शेडगे. हजर. १०.२८.' खाली सही केली आणि पायरीवर बसून राहिले.

तिकडं काय झालं ते त्यांना नंतर कळलं. ट्रॉल्या निघाल्या, जीप पुढं गेली, आणि पुढच्या घरच्या म्हातारीनं ओवाळायला ताट वर केलं तर हारात माणूसच नाही. "सर गेले कुठं?" म्हणून हाकाटी झाली. क्रांतीनं जेसीबीसुद्धा तपासला. शेवटी खोरंवाल्या बाईनं बांधाकडं बोट केलं.

पावणेअकराला सगळा गाव धापा टाकत फाटकात आला. सगळ्यांत पुढं डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेला एक माणूस होता, हातात लेझीम. सरांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"भाऊसो? तू मिरवणुकीत?"

"मागं हुतो सर, पोरांच्यात," भाऊसो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, पाच मिन्टं नाचावं. किल्ली खिशातच ऱ्हायली."

तो फळ्यासमोर उभा राहिला. दोनदा वाचलं. मग कुलूप उघडलं, मस्टर बाहेर आणलं आणि निळा पेन सरांपुढं धरला. "करा सही. धा अठ्ठावीस. तुमच्या हातचं खोटं लिव्हलेलं म्या अजून बघितलं न्हाई."

सरांनी सही केली. मग भाऊसोनं लाल पेन काढला. राजेश्वरीबाईंच्या नावापुढं 'उशीर'. सगळ्या शिक्षकांच्या नावापुढं 'उशीर'. आणि शेवटी, क्षणभर थांबून, स्वतःच्या नावापुढंही.

"सर," शंभूराज पुढं येऊन म्हणाला, "आता हार घालून घ्या. भाषणं ऱ्हायल्यात."

सरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग गर्दीकडं, आणि शिट्टी तोंडात धरली. जोरात वाजवली.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. उपसरपंच पळाला, फौजदारीण पळाली, राजेश्वरीबाईंनी पदर खोचला. जेसीबीवाला, हलगीवाले, चौतीस वर्षांतली सगळी पोरं मैदानाला फेऱ्या मारू लागली. मधोमध नाथाजी सर एकटे उभे होते. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. याहून मोठा सत्कार त्यांना नको होता.

गुलालाचा घाम गाळत भाऊसो समोरून गेला. "झाल्या सर, दोन!"

"येकच झालीय," सर म्हणाले. "पळ."