ऑरिन गावाबाहेर असताना

फेब्रुवारी अर्धा सरला तरी आयोवातल्या एल्डर क्रीकच्या अंगणांतलं गवत उघडंच होतं, आणि फिलिस त्याचा राग कॉफीच्या कपावर काढत होती. चमचा इतका जोरात फिरत होता की बशीत तळं साचलं. शनिवारी टेकडीवर कार्डबोर्डच्या घसरगाड्यांची शर्यत व्हायची होती. बर्फ नाही म्हणून ती लागोपाठ दोन वर्षं बुडाली होती, आणि यंदाही टेकडी एखाद्या वापरून टाकलेल्या काथ्याच्या पायपुसण्यासारखी दिसत होती.

कॅफेच्या कोपऱ्यातलं टेबल या तिघांचं होतं. फिलिसने जन्मभर गावचं टपालघर सांभाळलं. डेल्मरने शाळेची बस चालवली. ऑरिन टेगलँड धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाला होता, पण त्याचं खरं काम परसात होतं. तिथे पांढरा रंग दिलेली एक फळी होती. बर्फ पडला की ऑरिन तिच्यावर मोजपट्टी उभी धरायचा आणि आकडा हवामान खात्याला कळवायचा. गावात किती बर्फ पडला हे ऑरिनने सांगितल्याशिवाय पडला असं कुणी मानत नसे. यंदा फळीवर पडल्या होत्या फक्त शेजारच्या मेपलच्या काटक्या.

बर्फ नसला की माणसं जुना बर्फ उकरतात. त्या दिवशीही डेल्मरने सुरुवात केली.

"ते बसचं वादळ आठवतं? माझी बस आरशापर्यंत गाडली गेली. पोरांना चर्चच्या तळघरात ठेवलं. पॅनकेक खाऊन खाऊन इतकी सोकावली की आईबाप न्यायला आले तरी हलेनात."

"मी तेव्हा ओमाहाला होतो," ऑरिन म्हणाला.

"आणि टपालपेट्या गडप झाल्या ते?" फिलिस म्हणाली. "मी कोळशाच्या फावड्याने एकेक पेटी शोधून पत्रं टाकली. अजून कंबर दुखते."

"माझं ऑपरेशन होतं. डिमॉइनला." ऑरिनने दालचिनीचा रोल राजमा-खिम्याच्या तिखट चिलीच्या वाटीत नको तितका बुडवला. "हॉस्पिटलातून फोन केला तर हा डेल्मर म्हणतो, फार काही नाही रे, तू आराम कर. घरी येऊन बघतो तर गॅरेज सापडेना."

"तुझे टाके तुटले असते रे उठून बसला असतास तर," डेल्मर म्हणाला. "बरं, ईस्टरचं वादळ तरी तू..."

"भावाच्या मयतीला. नेब्रास्का."

हे बोलल्यावर ऑरिनलाच ते ऐकू आलं. इतकी वर्षं गावचा बर्फ मोजणाऱ्या या माणसाने एकही मोठा हिमवर्षाव स्वतः मोजला नव्हता. तिन्ही मोठे आकडे डेल्मरने त्याच्या परसात उभं राहून मोजलेले होते, आणि हे शल्य ऑरिन कुणाला न सांगता बाळगून होता. मरण्यापूर्वी एकदा, आपल्या फळीवर, आपल्या हाताने, गुडघाभर बर्फ मोजायचा, एवढंच त्याचं मागणं होतं.

"गेले दोन हिवाळे तू कुठे गेला होतास?" फिलिसने हळूच विचारलं.

"कुठेच नाही. इथेच होतो की."

फिलिसने डेल्मरकडे बघितलं. डेल्मरने टेकडीकडे बघितलं.

आयोवातली माणसं तोंडावर ‘जा’ म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी डेल्मर सहज बोलल्यासारखं म्हणाला की ऑरिनच्या बायकोची, आर्लिसची, बहीण टेक्सासमध्ये असते ना, तिकडे हवा फार छान असते म्हणे. फिलिसने टेक्सासपर्यंतचा नकाशा आणून दिला, घरात पडूनच होता म्हणाली, पण त्याला नव्या कागदाचा वास येत होता. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी प्रवासाला निघालेल्यांसाठी प्रार्थना केली आणि अख्ख्या चर्चने मान वळवून ऑरिनकडे बघितलं. गाडीत बसायला जावं तर मागच्या सीटवर कुणीतरी ॲपल पाय ठेवून गेलेलं, वर चिठ्ठी: ‘वाटेत खा.’

ऑरिनचं डोकं फिरलं. कारण शनिवारी बर्फ येतोय हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. हवामानाच्या नकाशावर एक भलंमोठं वादळ पश्चिमेकडून सरळ एल्डर क्रीकच्या दिशेने सरकत होतं. त्याने मोजपट्टी पुसून दाराशी उभी करून ठेवली होती.

"या शनिवारी नाही," तो आर्लिसला म्हणाला. "सोमवारी म्हणशील तिथे येतो."

आर्लिस बॅग भरत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

"माझ्या बहिणीला मी दरवर्षी सांगते, पुढच्या फेब्रुवारीत येऊ. का येत नाही तर ऑरिनचा बर्फ चुकेल. बर्फ काही येत नाही, आणि आम्ही गवताला पहारा देत बसतो. अख्खं गाव तुला दारापर्यंत पोचवायला आलंय ऑरिन, आता तरी बूट घाल."

"लोकांच्या खुळचट समजुतीपायी..."

"त्यांच्या समजुतीशी मला काय करायचंय? मला ऊन पाहिजे."

शुक्रवारी सकाळी ते निघाले. निरोप द्यायला डेल्मर आणि फिलिस अंगणात आले. निरोप आधी दारात झाला, मग गाडीशी झाला, मग गाडीची काच खाली करून परत झाला, आणि दोघांच्याही चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या लपत नव्हता. डेल्मरच्या काखेत ऑरिनची मोजपट्टी होती. ऑरिनने ती बघितली आणि गाडी नको इतक्या जोरात मागे घेतली.

मिसूरीच्या हद्दीत शिरेपर्यंत तो नुसती गाडी हाणत होता. त्यानंतर काचेवर पहिला कण पडला. आर्लिस म्हणाली, धूळ असेल. थोड्या वेळाने धुळीने रस्ता दिसेनासा केला. रेडिओवरचा माणूस सांगत होता की वादळाने अचानक दक्षिणेची वाट धरली आहे. ऑरिनच्या मनात आलं की हे वादळ आपला पाठलाग करतंय, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण सापडलो.

टॉलिव्हर नावाच्या गावात महामार्ग बंद झाला. ते एका मोटेलात शिरले. मालकीण लोरीन काउंटरमागे उभी राहून खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"बघा हो बघा," ती म्हणाली. "तीन हिवाळे कोरडे गेले आमचे. शेवटी आम्ही शहाणपण केलं."

"काय केलं?" आर्लिसने विचारलं.

"आमच्या वेंडेलला गावाबाहेर काढलं. वेंडेल प्रूइट. तोच इथला बर्फ मोजतो. पण तो गावात असला की पडतच नाही. मोठा बर्फ पडला की हा कुठेतरी बाहेर. परवा आम्ही सगळ्यांनी मिळून समजूत घातली, जा बाबा कुठेतरी फिरून ये."

ऑरिनने हातातली बॅग खाली ठेवली. आर्लिसने त्याच्याकडे न बघता हातमोजा तोंडावर धरला.

सकाळपर्यंत टॉलिव्हर दिसेनासं झालं. लोरीन कॉफी ओतताना हळहळत होती की वेंडेलची फळी मोटेलच्या मागच्या अंगणातच आहे, पण बर्फ मोजायचा कसा ते कुणाला नीट येत नाही. वारा लागू द्यायचा नसतो, पट्टी तिरकी धरायची नसते, वेंडेल फार कटकट करतो. ऑरिनने कप तसाच ठेवला. तो म्हणाला, मला थोडंफार येतं.

मागच्या अंगणात तो मांडीपर्यंत रुतला. वेंडेलची मोजपट्टी शेडच्या दाराआड टांगलेली होती, पुसून ठेवलेली. त्याने ती बर्फात सोडली आणि ती आत गेली, आणखी आत गेली, आणि तळाशी फळीवर टक्कन लागली. तो आवाज त्याने आयुष्यभर फक्त कल्पनेत ऐकला होता. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने, असं त्याने आर्लिसला नंतर सांगितलं. सव्वीस इंच. परक्या गावचा, परक्या माणसाच्या फळीवरचा, पण सव्वीस.

तो आत आला तेवढ्यात डेल्मरचा फोन आला.

"काही नाही रे इथे," डेल्मर वैतागून म्हणाला. "ऊन पडलंय. शर्यत गवतावरच घेणार आहेत. तुला उगाच पाठवला, माफ कर बाबा. कॅफेत तुझ्या खुर्चीवर एक पाहुणा येऊन बसलाय, शर्यत बघायला आलाय मिसूरीहून. माणूस चांगला आहे, बर्फातलं सगळं कळतं त्याला. वेंडेल नाव."

ऑरिन खाली बसला. लोरीनला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज बारीक केला.

"डेल्मर, त्याला उठू देऊ नकोस. ॲपल पाय खायला घाल. शर्यतीचा पंच कर. काहीही कर, पण त्याला इथे परत येऊ देऊ नकोस."

"का? तू कुठे आहेस?"

"टॉलिव्हरला."

"टॉलिव्हर? अरे, हा टॉलिव्हरचाच आहे. थांब, देतो त्याला." आणि नको म्हणायच्या आत डेल्मरने फोन देऊन टाकला.

पलीकडून एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "तुम्ही माझ्या गावात आहात म्हणे. कसं आहे तिकडे?"

आर्लिस समोर उभी राहून ऐकत होती. ऑरिनने खिडकीबाहेर बघितलं. अजून पडत होता. आणखी दिवसभर पडला तर तीसच्या वर जाईल, आणि हे मोजायला तो एकटाच होता.

"फार काही नाही," ऑरिन म्हणाला. "तुम्ही आराम करा."



"मला दर वेळी हेच सांगतात," वेंडेल म्हणाला.

हॉस्पिटलातल्या त्या पलंगावर फोन ठेवल्यानंतर छताकडे बघत पडलेला ऑरिन त्याचा त्यालाच दिसला. त्याने मनातल्या मनात स्वतःला एक शिवी घातली.

"सव्वीस इंच," तो म्हणाला. "तुमच्या फळीवर. पट्टी सरळ धरून मोजलेत. अजून पडतोय."

तिकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. डेल्मर ओरडून विचारत होता की ॲपल पायचा तुकडा बांधून देऊ का, पण वेंडेल थांबला नव्हता. दारावरची घंटा वाजली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"तू त्याला काय सांगितलंस?" डेल्मर म्हणाला. "चष्मा विसरून गेला की हा."

ऑरिन उत्तर देणार तोच खोलीत उजेड वाढल्यासारखं झालं. त्याने वर बघितलं. टॉलिव्हरवरचे ढग मधोमध फाटले होते. बघता बघता शेवटचे चार कण भुरभुरत खाली आले आणि छपरांवर ऊन पडलं. लोरीन काउंटरमागून म्हणाली, हे काय अवलक्षण, वेंडेल परत तर येत नाही ना.

फोनमध्ये मागे फिलिसचा आवाज आला, आधी एक किंचाळी, मग हसणं, मग सगळं कॅफे दाराकडे धावल्याचा गोंधळ.

"डेल्मर," ऑरिन म्हणाला. "डेल्मर, बाहेर काय झालं?"

आर्लिसने बॅग उचलली आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. टेक्सासचा रस्ता दुपारपर्यंत मोकळा करतील, असं ती लोरीनला सांगत होती.

"डेल्मर, पडतोय का? किती पडतोय?"

"फार काही नाही रे," डेल्मर म्हणाला. "तू आराम कर."