झमकूबाईंची अठाई आणि एक लांडगा

जैनांच्या पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फतेचंदशेठ दुकानातून पाणी प्यायला घरात आले, तर त्यांची मुलगी टीना एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात नाक खुपसून बसलेली. पुस्तकाच्या कव्हरवर काळंकुट्ट जंगल, वर चंद्र आणि खाली पिवळ्या डोळ्यांचा एक देखणा पोरगा.

"काय गं हे टीने?"

टीना अकरावीत होती. पुस्तक तिला पुण्याच्या हर्षाताईनं दिलं होतं आणि गेले दोन दिवस टीना घोडेगावात नव्हतीच, त्या जंगलात होती. नेमका त्याच क्षणी कव्हरवरचा तो रोवन त्याच्या लाडक्या आयव्हीला सांगत होता की मी माणूस नाही. असल्या वेळी बाप समोर येऊन उभा राहिला तर कोण खरं बोलेल?

"धार्मिक आहे पप्पा. आजीला वाचून दाखवणार आहे."

फतेचंदशेठना इंग्रजी औषधांच्या आणि खतांच्या पिशव्यांपुरतं यायचं. "मग दाखव की! मनातल्या मनात काय वाचतीस? ती बघ कशी गळून पडलीय," असं म्हणून ते दुकानात निघून गेले.

आता आली का पंचाईत! आजीनं, म्हणजे झमकूबाईंनी, अठाई धरली होती. आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. याआधी त्यांनी दोनदा अठाई धरली होती आणि दोन्ही वेळा मध्येच मोडली होती. आता वयाची सत्तरी उलटलेली. यंदा झाली तर झाली, नाहीतर हे राहूनच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. मोडायला कुणाची ना नव्हती, पण त्यांना स्वतःला ते फार लागायचं.

"वाच गं बाई," आजी भिंतीला टेकत म्हणाल्या. "दुपार लई खायला उठती."

टीनाला खोटी धर्मकथा रचता येईना. मग तिनं सरळ पुस्तकच मराठीत सांगायला घेतलं. "एक रोवन नावाचा मुलगा असतो. जन्मापासून त्याला शाप असतो. दर पौर्णिमेला त्याचा लांडगा होतो."

"अगं बाई! मंग खातो काय?"

"काहीच नाही. पौर्णिमेला दिवसभर उपाशी राहतो. रात्री तळघरात जाऊन स्वतःला साखळीनं बांधून घेतो. पहाटेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

आजी ताठ झाल्या. "पानी बी न्हाई?"

"नाही."

"आन् ते कशापायी?"

"त्याच्या हातून कुणाचा जीव जाऊ नये म्हणून."

झमकूबाईंचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले. "दर पुनवेला चौविहार, बिनपाण्याचा उपास! लांडग्याचा जल्म, आन् अहिंसा बघ त्याची! आमी जैनाच्या पोटी येऊन आमचा चहा सुटंना." मग टीनाचं मनगट घट्ट धरून त्या म्हणाल्या, "हे बघ, मला सोडून तू एक पान पुढं वाचायचं न्हाई. त्याचा नेम टिकला तर माझा टिकला."

झालं! दुसऱ्या दिवशी जैन स्थानकातून व्याख्यान ऐकून आजी परतल्या त्या सात-आठ बायका घेऊन. त्याच्या पुढच्या दिवशी ओसरीवर सतरंजी अंथरावी लागली. "कुठला म्हणायचा हा तपस्वी?" "परदेशातला." "तिकडं असून बघा!" बायका हळहळत होत्या, कौतुकानं मान डोलवत होत्या आणि रोवन साखळी बांधायला लागला की अख्खी ओसरी श्वास रोखून बसत होती.

खरी अडचण दुसरीच होती. पुस्तकात दर चार पानांनी चुंबन येत होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा टीनानं पुस्तक नाकापर्यंत वर धरलं. समोर साक्षात काकूंची रांग, त्यात पर्युषण. "आणि मग रोवननं," ती म्हणाली, "आयव्हीची क्षमा मागितली."

तेव्हापासून हीच सोय पडली. झाडाखाली क्षमा मागितली. पावसात भिजत क्षमा मागितली. एकदा तर दीड पान सलग क्षमा मागितली.

"किती नम्र पोरगा!" एक काकू भारावून म्हणाल्या. "आमच्याकडं संवत्सरीला वर्षातून एकदा क्षमा मागतेत, ती बी ढकलल्यावर."

डोंगरातून तांदूळ घेऊन दुकानावर आलेली सोनीबाईही पायरीवर टेकली होती. तिला मात्र काही पटत नव्हतं. "लांडगं उपाशी ऱ्हातंय व्हय? आन् मग आमच्या शेरड्या कुनी नेल्या?" सगळ्यांनी तिला गप्प केलं.

पाचवा दिवस गेला. झमकूबाईंना चक्कर आली, पण त्या म्हणाल्या, "साखळीत ऱ्हातंय ते पोर, मला तर उशी हाय." सहावा गेला. घरात आनंदीआनंद. फतेचंदशेठनी पारण्याच्या दिवसाचं पावण्यांना सांगूनही टाकलं, आचारी ठरला. आणि गिऱ्हाईक उभं ठेवून ते स्वतः दाराआड कान देऊन उभे राहतात, हे टीनाला सातव्या दिवशी दिसलं.

सातव्या दिवशीच घात झाला. त्या पानावर पौर्णिमा होती. रोवन उपाशी. साखळी ताणली जात होती. टीना एकेक ओळ मराठीत सांगत होती. पान उलटलं, पुढच्या ओळी डोळ्यांनी वाचल्या आणि ती थांबली.

साखळी तुटली होती. रोवननं कुरणातलं एक कोकरू मारलं होतं.

"वाच की गं," आजी म्हणाल्या.

टीनानं आजीकडं पाहिलं. खोल गेलेले डोळे, सुकलेले ओठ, आणि त्या डोळ्यांत रोवनवर केवढा तो विश्वास! एक वाक्य बदललं की काम झालं असतं. साखळी टिकली, एवढंच म्हणायचं. चुंबनं फिरवताना काही वाटलं नव्हतं, पण हे जिभेवर येईना. जी माणसं इतक्या मनानं ऐकतात, त्यांना फसवायचं कसं?

"आजी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "त्याचा उपास मोडला. त्यानं कोकरू खाल्लं."

ओसरी गारठली. फक्त पायरीवरून सोनीबाईचा आवाज आला, "मी काय म्हनत व्हते?"

फतेचंदशेठ दार ढकलून बाहेर आले. "अगं, तुला खरं वाचायला कुणी सांगितलं? एवढी अकरावी शिकलीस, थोडं इकडंतिकडं करता आलं नाही?" टीनाची आई मुगाचं पाणी आणायला आत धावली. सगळ्यांना वाटलं, अठाई मोडली.

झमकूबाई भिंतीपासून सरकून पुढं बसल्या. मग त्यांनी विचारलं, "नंतर काय करतो ते पोर?"

टीनानं डोळे पुसून पुढं वाचलं. "खूप रडतो. म्हणतो, आता मला कुणी माणूस म्हणू नका. आणि पुढच्या पौर्णिमेआधी जाऊन दुप्पट जाड साखळी आणतो."

"म्हंजे नेम सोडला न्हाई त्यानं," आजी म्हणाल्या. "मोडला आन् परत धरला. मी दोनदा मोडून तिसऱ्यांदा बसलेच की." सुनेच्या हातातली वाटी त्यांनी हळूच मागं सारली. "आठ झाल्यावर आणखी एक करीन. त्याच्या वाटचा राह्यलेला."

"बाई!" फतेचंदशेठ आईवर ओरडले. "पावणे बोलावलेत! आचारी सांगितलाय!"

"जेवू घाल त्यांना. माझं पारणं एक दिवस उशिरा."

आणि केला की हो त्या माउलीनं नववा उपास! स्थानकात नाव पुकारलं तेव्हा सगळं गाव थक्क झालं. पारण्याला टीनानं पहिला चमचा मुगाचं पाणी पाजलं. बायका रांगेनं पाया पडत होत्या. आजीच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की टीना नुसती बघत राहिली.

आजीनं खुणेनं तिला जवळ बोलावलं.

"टीने, हर्षाकडं ह्याचा दुसरा भाग हाय म्हनं?"

"आहे ना. दिवाळीला आणते म्हणालीय."

"मग वाचायच्या आदी त्यात पुनवा किती हायेत तेवढं बघून ठेव," आजी कुजबुजल्या. "त्या पोराचा काय भरवसा न्हाई, आन् माझी आता एखाद-दुसऱ्या उपासाचीच ताकद राह्यलीय."