शेपटीच्या ताऱ्याचं साल

भर उन्हात भाताच्या राशीभोवती मुंडासं सोडून धावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या कापडे गावात आहे, धाकू त्याचं नाव. रास म्हणजे सूर्य आणि धाकू म्हणजे शेपटीचा तारा. राशीकडे येताना मुंडासं पाठीमागं फडफडतं. लांब जाताना तो ते दोन्ही हातांनी पुढं धरतो. "सूर्य शेपटीला लांब ढकलतो रे! ती त्याच्याकडं कधी वळायची नाय!" माणसं झोडणी टाकून हसतात.

मी दुसरी यत्ता शिकलोय, पण अक्कल गहाण टाकलेली नाही. मला संताप येतो. महाडच्या कुणा मास्तरानं याच्या डोक्यात भरवलं की हा तारा पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी फेरी मारतो. एका इंग्रजानं म्हणे पुढची फेरी आधीच सांगून ठेवली, आणि तो मेल्यावर ती खरी झाली. "इमानी तारा हाय, आप्पा. सांगणारा मेला, तरी आला!"

असेल इमानी. पण धाकूची चिमी त्याच ताऱ्याच्या साली जन्मली, आणि तिची आई बाळंतपणात गेली. झालं! गाव म्हणालं, तारा आणि पोर, दोघांनी मिळून बाईला खाल्लं. आमच्यात जन्मतारीख लिहितो कोण? साल सांगायचं ते अशाच खुणांवर. मी शंभरदा सांगितलं, "अरे, प्लेगानंतरची म्हण, पुरातली म्हण! कागद कोण मागतोय?"

पाचाडचे पाहुणे चिमीला बघायला आले. मध्यस्थ मी. मुलाच्या मामानं विचारलं, "पोर कुठल्या सालची?" मी तोंड उघडतो तोवर हा म्हणाला, "शेपटीच्या ताऱ्याच्या." वर मुंडासं सोडायला लागला! पाहुण्यांनी गूळपाण्यालाही हात लावला नाही. पायताणं घातली नि चालते झाले.

"गाढवा, पोरीचं वाटोळं केलंस!" मी ओरडलो.

"साल लपवलं तर तिनं आईला खाल्लं, असं मीच कबूल केल्यागत व्हईल," धाकू म्हणाला. "आणि तुझा शंकर बिनलग्नाचाच हाय की. पाचाडपातूर गेलास. सवताच्या घरात का नाय रे इचारलंस?"

मी काय तसल्या ताऱ्याला भितो? "आत्ता इचारतो! दे पोर माझ्या शंकरला!"

धाकूनं सोडलेलं मुंडासं दोन्ही हातांनी तोंडावर धरलं.

चिमी आता माझी सून. दोन घरं ओलांडून तर आलीय. तरी धाकू रोज सांजेला येतो नि ओटीवर बसून मला तोच तारा पहिल्यापासून समजावतो.

"कळला रे बाबा!" मी खेकसतो.

"नाय कळला तुला," तो म्हणतो, आणि आत चुलीकडं बघत बसतो.