गायी माझा आवाज ओळखतात

"आजही मी गोठ्यात पाऊल टाकलं ना, की गायी माझा आवाज ओळखतात." हे वाक्य ताईंनी आजवर किती सभांत म्हटलं असेल याची मोजदाद नाही. वाक्य म्हणून झालं की त्या जरा थांबायच्या, चष्मा काढायच्या आणि काचा पुसायच्या. श्रोते गहिवरायचे. गायींना जाऊन विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

शेतकरी संघटनेत सगळेच त्यांना ताई म्हणत, अगदी त्यांच्याहून पुष्कळ मोठे असलेले मावळते अध्यक्षसुद्धा. ताईंची कारकीर्द गोठ्यावर उभी होती. गोठा भाऊ सांभाळत होता, कारकीर्द ताई सांभाळत होत्या. शिक्षण संपल्यावर त्या रेडिओवर लागल्या, सकाळ-संध्याकाळ शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव सांगायला. तिथल्या मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, "मी गोठ्याशेजारच्या घरात वाढले." पुढे वर्तमानपत्रात गेल्या आणि चौथ्या मजल्यावर खिडक्या लावून मातीच्या वासाबद्दल दर आठवड्याला सदर लिहू लागल्या. तोवर त्या थेट गोठ्यात वाढलेल्या होत्या. मग एका खत कंपनीची पत्रकं लिहिली, मग संघटनेच्या प्रसिद्धीप्रमुख झाल्या. हुद्दा वाढेल तशा त्या गायींच्या आणखी जवळ सरकत गेल्या. मागच्या अधिवेशनातलं भाषण ऐकून एका वार्ताहराचा तर असा समज झाला की बाईंचा जन्मच गव्हाणीत झाला. ताईंनी तो गैरसमज दूर केला नाही. उगाच कशाला कुणाचं मन मोडा?

आता संघटनेचं अध्यक्षपद रिकामं होत होतं आणि ताईंना ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांची भाषणं लिहिली, दुसऱ्यांच्या नावानं निवेदनं काढली, आणि फोटोत त्या कायम कडेला, अर्ध्या कापलेल्या. एकदा तरी मधल्या खुर्चीत बसायचं, एवढंच मागणं होतं.

आडवे येणारे एकच गृहस्थ होते. ते बटाट्याचं मोठं पीक घ्यायचे. त्यांना सगळे बटाटेवाले म्हणत, कारण स्वतःचं नाव सांगण्याइतकंही ते कधी बोलले नव्हते. ते काही बोलत नाहीत म्हणून सगळे त्यांना फार विचारी समजत. ताई एवढं बोलायच्या, पण त्यांना विचारी म्हणायला कुणाला फुरसतच मिळत नसे.

निवड कार्यकारिणीनं करायची होती. ताईंनी तासभर आपली बाजू मांडली, शेवटी गायींवर आल्या आणि चष्मा पुसला. मावळते अध्यक्ष गहिवरले. तेवढ्यात बटाटेवाले म्हणाले, "मग पुढची बैठक तिथंच घेऊ."

"कुठं?" ताईंनी विचारलं.

"गोठ्यात."

एवढं मोठं भाषण त्यांनी त्या वर्षात पहिल्यांदाच केलं होतं, त्यामुळे ते एकमतानं मान्य झालं.

ताईंनी लगेच दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, फोन लावला. दादा लहानपणापासून त्यांना भोंगा म्हणायचा, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्यावरही त्यात फरक पडलेला नव्हता.

"दादा, रविवारी दुपारी आमची कार्यकारिणी येतेय आपल्याकडे."

"कशाला गं भोंगा?"

"मी कुठं वाढले ते बघायला."

"मग माडीवरच्या खोलीत नेऊ का? अभ्यासाचं नाव सांगून दार लावून तिथंच तर बसायचीस."

"गोठा बघायचाय त्यांना. नीट ऐक. गायी कुरणातच ठेव. मागे दिसल्या पाहिजेत, पण वास येता कामा नये."

"सांगून बघतो त्यांना."

"खुर्च्या फाटकापासून गोठ्यापर्यंत फरशीचा रस्ता आहे ना, तिथं मांड. बाकी सगळीकडे चिखल असतो."

"अगं, तो गायींचा रस्ता आहे. आणि तू तिथं बोलणार आहेस का?"

"नाही, नाचणार आहे."

"तसं नाही. एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय—"

"रविवारी सांग," म्हणून ताईंनी फोन ठेवला. त्यांना भाषण लिहायला बसायचं होतं. ऐकून घेणं हे त्यांच्या कामात बसत नव्हतं.

रविवारी सगळं ठरल्यासारखं झालं. कार्यकारिणी खुर्च्यांवर बसली. मागे हिरव्या कुरणात गायी अशा चरत होत्या की जणू त्यांनाही सूचना गेल्या होत्या. भाड्यानं आणलेला स्पीकर इतका मोठा होता की तो आणणाऱ्यानं त्याचं तोंड बिचकून कुरणाकडे फिरवून ठेवलं होतं. दादानं दोनदा ताईंना बाजूला घेण्याचा प्रयत्न केला, पण ताई मावळत्या अध्यक्षांना गायीचं पुढचं टोक कोणतं ते समजावत होत्या. म्हणजे जवळजवळ तेच.

भाषणाची सुरुवात त्यांनी फार विचारपूर्वक योजली होती. माइक हातात घेऊन त्यांनी आपल्या जुन्या रेडिओच्या आवाजात, तोच हेल काढून म्हटलं, "नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. ऐका आजचे बाजारभाव."

कुरणातल्या सगळ्या गायींनी एकदम माना वर केल्या.

"बघा!" मावळते अध्यक्ष म्हणाले. "ओळखलं की हो ताईंना."

ताई स्वतःच चकित झाल्या. इतकी वर्षं जे आपण नुसतंच म्हणत आलो ते खरं निघावं, याची त्यांना अजिबात सवय नव्हती. गोठ्याच्या दारातून दादा दोन्ही हात खाली-खाली करत होता. ताईंना वाटलं, दादा सावकाश बोल म्हणतोय. त्या सावकाश बोलू लागल्या. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. ताईंना वाटलं, त्या मागे कुजबुजणाऱ्या खजिनदारांना गप्प करताहेत. त्यांनी आवाज आणखी चढवला.

कळपात सर्वांत पुढे असायची ती मास्तरीण नावाची गाय. तिनं फाटकाची कडी शिंगानं उचलली. हे ती रोज करायची, त्यामुळे तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिच्यामागे बाकीच्या रांगेत लागल्या. धावपळ नाही, गोंधळ नाही. वेळेवर कामाला निघालेल्या बायकांसारख्या त्या फरशीच्या रस्त्यानं आल्या, आणि त्या रस्त्यावर संघटनेची कार्यकारिणी बसलेली होती.

खजिनदार खुर्चीसकट चिखलात गेले. मास्तरीण मावळत्या अध्यक्षांसमोर येऊन थांबली, कारण ते हलत नव्हते आणि तिला शिस्तीत पुढे जायचं होतं. तिच्या सडांतून दूध टपटपत त्यांच्या बुटांवर पडू लागलं.

"ताई," ते क्षीण आवाजात म्हणाले, "ही माझ्यावर काय करतेय?"

"कृपया कुणीही घाबरू नका," ताईंनी माइकवरून जाहीर केलं. मागे राहिलेल्या गायीही लगबगीनं निघाल्या. "आपण जागेवरच बसून राहा. परिस्थिती पूर्णपणे आटोक्यात आहे." आता उरलेल्या सगळ्याच गायींना दूध सुटलं. "दादा, आवर ना यांना!"

"मी काय आवरू? तू आवर!" दादा ओरडला. "तोंड मिट आधी!"

ज्या बाईनं जन्मभर बोलून वाट काढली तिला हा उपाय कसा सुचावा? ताई शांततेचं आवाहन करत राहिल्या आणि प्रत्येक आवाहनाला बुटांवर, पिशव्यांवर, सभेच्या कागदांवर दूध सांडत राहिलं. शेवटी वहिनींनी स्पीकरची वायर उपटली आणि म्हणाल्या, "वन्सं, पुरे आता."

गायी जिथल्या तिथं थबकल्या. बटाटेवाले तेवढ्यात मुकाट्यानं खुर्च्या उचलून त्यांना वाट करून देत होते.

"काय झालंय यांना?" ताईंनी दादाला विचारलं.

"हेच सांगायचं होतं तुला. बाबा धार काढताना तुझा रेडिओवरचा कार्यक्रम लावायचे, दोन्ही वेळा. गायींना त्याचीच सवय लागली. तू रेडिओ सोडलास आणि त्या पान्हा चोरायला लागल्या. काही केल्या दूध सोडेनात. बाबांनी तुझे कार्यक्रम टेप करून ठेवले होते, ते लावले तेव्हा कुठं सोडलं. अजून तेच लावतो. या सगळ्या नंतरच्या गायी, पण वासरं असल्यापासून तुलाच ऐकतायत."

"रोज?"

"रोज. तेव्हाचा वांग्याचा भाव विचार, झोपेत सांगेन."

"मग मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तू भाषणात घातलं असतंस."

ताईंनी चष्मा काढला. त्यांना बाबा आठवले. बाबा कधी 'छान बोललीस' म्हणाले नव्हते, आणि त्याचं दुःख ताईंनी अनेक वर्षं जपलं होतं. इकडे तो माणूस दोन्ही वेळा त्यांना ऐकत बसायचा. त्यांना खरंच रडू आलं. आणि आज, चष्मा पुसायची खरोखर गरज असताना, रुमालही दुधानं भिजलेला होता.

पण रडायला कुणी सवड देईना. सुटलेलं दूध लगेच काढायला हवं होतं. सगळ्यांनी मिळून गायी गोठ्यात ओढल्या, दादानं यंत्रं लावली, आणि पाहतो तो दूध आटलेलं.

"आवाज थांबला ना," दादा म्हणाला. "माझा फोन मास्तरिणीच्या पायाखाली गेला, टेपवरून उतरवलेले सगळे कार्यक्रम त्यातच होते. आता तूच बोल."

"हो, हो," मावळते अध्यक्ष म्हणाले. "आणि ताई, तुम्ही एखादीची धारही काढा ना हातानं. तुम्हाला तर सवयच."

"हिला?" दादा सहज म्हणून गेला. "हिला कुठं येते? लाथ खाल्ल्यापासून ही सडाला हात लावत नाही. लहानपणी गव्हाणीवर पाय सोडून बसायची आणि बडबडायची. बाबा म्हणायचे, तू बोल, मी काढतो."

कार्यकारिणीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी मास्तरिणीकडे पाहिलं.

"भाव सांग," दादा कुजबुजला. "वांगी."

"वांगी," ताई म्हणाल्या. दादानं आकडा सांगितला, तो त्यांनी म्हटला. यंत्राच्या नळीत पांढरं दिसू लागलं. मग कोबी झाला, मग टोमॅटो, मग दुपारनंतर आकाश अंशतः ढगाळ. अध्यक्षपद गेलंच आहे हे कळून चुकलं होतं, त्यामुळे ताई बऱ्याच वर्षांनी नुसतं बोलत होत्या, कुणालाही गहिवरून न टाकता. शेवटची बादली भरेपर्यंत त्या गव्हाणीवर पाय सोडून बसल्या होत्या.

बैठक गोठ्यातच उरकायची ठरली. मावळत्या अध्यक्षांनी घसा खाकरून बटाटेवाल्यांचं नाव पुढे केलं. बटाटेवाले मात्र भरलेल्या बादल्यांकडे बघत होते.

"आपण सरकारपुढे किती वर्षं बोलतोय?" ते म्हणाले.

"पुष्कळ," मावळते अध्यक्ष म्हणाले.

"कुणी थेंबभर तरी काही दिलं?"

खजिनदारांनी सदऱ्यावरचा चिखल झटकला.

"ताईंचं ऐकून निदान गायींनी तरी दिलं. ताईंनाच करा अध्यक्ष. मला काय, बटाट्यांना भाषण लागत नाही."

ठराव एकमतानं पास झाला. फोटो निघाला, त्यात ताई मधोमध होत्या. कडेला मास्तरीण होती, अर्धी कापलेली.

पुढच्या महिन्यात ताईंनी पदभार घेतला आणि मोठं उद्घाटनाचं भाषण केलं. सभागृहात लोकांनी डोळे पुसले. दादाचा फोन मोडला होता आणि वहिनी माळ्यावरच्या जुन्या टेपवर कसंबसं भागवत होत्या, म्हणून ताईंनी त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण नव्या फोनसकट दादाला पाठवलं. दोन दिवसांनी न राहवून त्यांनी फोन केला.

"कसं वाटलं रे दादा?"

"मला बरं वाटलं," दादा म्हणाला. "पण मास्तरीण लाथा झाडते. दूध निम्म्यावर आलं. परत वांग्याचे भाव लावलेत."