आईसाठी पसरट डोंगर

"याडी हरवली," भाऊसिंग म्हणाला, आणि लाउडस्पीकरवाला हरिसिंग पोट धरून हसला. हवाई दलातला रडारवाला, आभाळातली विमानं हुडकणारा, पोहरादेवीच्या यात्रेत सख्खी आई हरवून बसला होता! भाऊसिंगला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, वर चैत्राचं ऊन, आणि उद्या त्याची सुट्टी संपत होती.

"नाव सांग, पुकारतो."

आईचं नाव चारचौघांत घ्यायचं तरी कसं? तांड्यात ती रीत नव्हती. भाऊसिंगनं माइक स्वतःच ओढला. "याडी, मी भाऊसिंग. फौजेतून आलो. मंडपाजवळ ये!"

एक म्हातारी आली. मागून दुसरी. मग घोळकाच. फौजेत गेलेला एकेक भाऊसिंग प्रत्येक तांड्यातून निघाला!

"अशी हाक कायले देली बे?" हरिसिंगनं कपाळावर हात मारला.

भाऊसिंगला प्रशिक्षणातला फळा आठवला. साहेबांनी त्यावर आलेखाचे दोन डोंगर काढले होते. रडारनं सोडलेल्या लहरीची घडण नेमकी असली की डोंगर टोकदार. जवळजवळची दोन विमानंही वेगळी दिसतात. नाहीतर पसरट, दोघांचा मिळून एकच ठिपका, आणि कोण कुठं, किती वेगात, सगळा घोळ. मोघम हाक देऊन त्यानं आईसाठी पसरट डोंगरच उभा केला होता. त्याला स्वतःचीच चीड आली.

अखेर लाज गिळून तो ओरडला, "कामरगावकडच्या तांड्यावरची रुपाबाई!"

रुपाबाई तरातरा आली. "भर यात्रेत मायचं नाव घेतं? लाज नाही वाटत?"

"पयली हाक आयकली नाही काय?"

"आयकली. पण इतक्या बाया धावल्या, मले वाटलं, त्यायच्यातल्याच कोणाचा असन."

बाकीच्या म्हाताऱ्या हिरमुसून पांगल्या. पंचफुला नावाची एक म्हातारी तेवढी हलेना. तिनं भाऊसिंगचा चेहरा हातांनी चाचपला.

"तू माया भाऊसिंग नाही. माया लढाईतून आलाच नाही."

भाऊसिंगनं तिचे हात धरले. "मंग कायले आलीस, याडी?"

"कोणी हाक देली तं बसून राहू काय? अजून एक डाव हाक दे."

भाऊसिंगनं आईकडे पाहिलं. "दे ना," रुपाबाई म्हणाली.

त्यानं माइक धरला. गाव नाही, नाव नाही. "याडी, मी भाऊसिंग. आलो."

"आली रे, बापू!" पंचफुला ओरडली. रुपाबाईनं तोंडावर ओढणी दाबून आपली ओ अडवली.

तिकडे पांगलेल्या साऱ्या म्हाताऱ्या पुन्हा मंडपाकडे निघाल्या होत्या.