दोन बेडक्या आणि सारखा न्याय

"या दोघींत हा दुजाभाव कशाला गं?" सासूबाईंनी मोरीतल्या दोन टबांकडे बोट दाखवलं.

टबांत दोन पोटुशा बेडक्या होत्या. धाकट्या सुनेचा कॉलेजातला प्रयोग. तीन महिने ती एकीच्या गांडुळांना रंगाची लाल पूड चोळत होती, दुसरीला साधीच घालत होती.

"आई, पूड हिच्या रक्तात उतरते का, आणि रक्तातून पोटातल्या अंड्यांत जाते का, ते बघायचंय. म्हणून दुसरीला चिमूटभरही द्यायची नाही. दोघींची अंडी सारखी निघाली तर माझं वर्ष गेलं!"

एवढं बजावून सून दहा दिवस माहेरी गेली. सासूबाईंनी दोन दिवस कळ काढली. पण दोन सुनांना वाढताना ज्यांचा हात कधी कमी-जास्त झाला नाही, त्यांना हे बघवेना. बुधवारी सकाळी साधी बेडकी टकामका बघायला लागली आणि त्या विरघळल्या.

"आई, ती नको म्हणालीये," पलंगावरून मुलगा म्हणाला.

"तू लोळ. बापाच्या रक्तातून नेमका आळस तेवढा उचललास!"

सून परतली त्याच दिवशी अंडी पडली. प्रत्येक अंड्याची वरची बाजू टोपीसारखी काळी; तिच्याखाली दोन्हीकडची अंडी लालसर दिसत होती. "गेलं वर्ष!" सून ओरडली. तेवढ्यात प्रयोग तपासायला तिचे कॉलेजातले सर दारात.

"आई, तुम्ही तिला पूड..." सून सासूबाईंकडे वळली.

"दिली. चोरून नाही, चांगली चिमट्याने दिली."

सरांनी दोन्हीकडचं एकेक अंडं पात्याने चिरलं, भिंगाखाली धरलं. पहिलं जवळजवळ आतपर्यंत लाल. दुसरं आत पांढरं, कडेला फक्त लाल गोट.

"आजी, हिला पूड कधीपासून?"

"बुधवार. सकाळची."

"म्हणजे बुधवारच्या आधीचं आत पांढरं, नंतरचं बाहेर लाल! आईच्या रक्तातून येईल तसा थर चढत जातो. अहो, हे तपासायचं मला सुचलंच नव्हतं!" सरांनी सुनेच्या वहीवर तिथल्या तिथे सही ठोकली.

सासूबाईंनी पदर सावरला. "आईच्या रक्तात असेल ते पोटच्यात उतरतंच. याला कॉलेज कशाला लागतं?"

"अगदी बरोबर! अंड्यात साठतं ते सगळं आईचं. बापाचं त्यात कणभरही नाही."

पलंग करकरला. मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा उठून बसला.

"सर, हे जरा पुन्हा सांगता? मोठ्याने."

सासूबाईंना एकदम गांडुळांना माती घालायची आठवण झाली.